बोटभर ढिलं

अठरा बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत कुणालाही विचारा, मावशीचं खरं नाव काय, तर माणूस डोकं खाजवत बसेल. ती पान्हामावशी. कमरेला गच्चीच्या आणि पंपाच्या खोलीच्या किल्ल्या, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून मान बाहेर काढून जग बघणारा लोखंडी पान्हा. वय एकसष्ट. उंची इतकी बेताची की बेसिनखाली शिरायला इतर नळदुरुस्तीवाल्यांसारखी अंगाची घडी घालावी लागत नसे. ती नुसती खाली बसली की झालं.

तिच्या प्रवेशाचं वाक्य ठरलेलं होतं. दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ती विचारायची, "कुणी आवळला?"

नळ गळतो म्हणून तक्रार करणाऱ्याला हा प्रश्न नाकाला मिरची लागल्यासारखा झोंबायचा. बोलावलं आम्ही, पाणी वाया जातंय आमचं, आणि ही बाई चोर शोधायला निघाली. पण तोवर मावशीने नळ खोलून त्याच्या पोटातली रबराची चकती, म्हणजे वॉशर, तळहातावर घेतलेली असायची. ती खिडकीशी जाऊन चकतीवरची गोल खाच उजेडात बघायची आणि सांगायची, हे वहिनींचं काम नाही, वहिनींचा हात हलका आहे. हे साहेबांचं. साहेब वर्तमानपत्र वर उचलायचे. अशा कापलेल्या चकत्या ती फेकत नसे. मजलावार सुतळीत ओवून बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात ठेवायची. कुणाचं मनगट किती तापट, याची सगळी हकिकत त्या डब्यात होती.

थंडीच्या दिवसांत तिला महिन्यात चार बोलावणी यायची. ऊन चढू लागलं की दिवसाला चार. लोकांना वाटायचं, नळांना उन्हाळ्यात वेडच लागतं. मावशी म्हणायची, नळ बिचारा शहाणा आहे. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, तिच्यातलं पाणी आंघोळीला विसणाशिवाय चालणार नाही इतकं कढत होतं, आणि त्या पाण्यात रबर मऊ पडतं. त्यात घरोघरी दोनदा आंघोळी, चारदा तोंडं धुणं, म्हणजे नळाची उघडझाप दुप्पट. मऊ रबर थोडं झिरपतं. झिरपलं की माणूस दात-ओठ खाऊन नळ आवळतो. मऊ रबरावर जोर पडला की चकती कापली जाते. मग नळ खरोखर गळू लागतो आणि माणूस आणखी आवळतो. "आजाऱ्याने खोकू नये म्हणून त्याचा गळा दाबायचा," ती म्हणायची, "त्यातली गत."

ही विद्या तिला नवऱ्याकडून मिळाली. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, तीही मिस्त्रीच म्हणायची. इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या अंगात पाणी खेळवलं ते मिस्त्रींनी. पुढे गुडघे गेले. जिना चढणं संपलं. तेव्हा ते खाली पंपाच्या खोलीत स्टुलावर बसायचे आणि मावशी पान्हा घेऊन वर जायची. चार मजल्यांच्या अंतरात हाक पोहोचत नसे, म्हणून उभ्या लोखंडी नळावर टकटक करायची खूण त्यांनी ठरवून घेतली. एक टक म्हणजे पाणी बंद कर. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे खाली ये, चहा झाला. कधीकधी काम अर्ध्यावर असताना तीन टक यायच्या आणि मावशी वरून पाच-सहा टक हाणायची. त्यांचा अर्थ ठरलेला नव्हता, पण मिस्त्रींना कळायचा. बिऱ्हाडांना भिंतीतून येणाऱ्या या संवादाची इतकी सवय झाली होती की दोघांचं भांडण झालेल्या दिवशी नळ मुका आहे हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात यायचं.

मिस्त्रींना जाऊन नऊ वर्षं झाली. पण एक गोष्ट मावशी सगळ्यांना ठणकावून सांगायची. ढिल्या क्लॅम्पची अक्कल मिस्त्रींची नव्हे, तिची होती.

झालं होतं असं. गच्चीवर टाकीपासून दोन प्लास्टिकचे पाइप निघतात, एक डाव्या बाजूच्या घरांना, एक उजव्या. कठड्याच्या भिंतीला धरून प्रत्येक पाइप चांगला बारा-तेरा मीटर आडवा धावतो आणि मग कोपऱ्यावरच्या जोडातून वळून खाली उतरतो. पहिल्या उन्हाळ्यात ते कोपऱ्यावरचे जोड चार वेळा फुटले. मिस्त्री दर वेळी नवा जोड घालायचे आणि पाइपाला भिंतीशी धरणारे क्लॅम्प आणखी कसायचे. मावशी तेव्हा फक्त चादरी वाळत घालायला गच्चीवर जायची. एकदा सकाळी तिने चादरीचं टोक पाइपावर टाकून चिमटा लावला, अगदी क्लॅम्पला चिकटून. दुपारी चादर काढायला गेली तर चिमटा आणि क्लॅम्प यांच्यात बोटभर फट. नेमका त्याच जागचा क्लॅम्प जरा सैल राहिला होता. चिमटा काही चालत गेला नसेल. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा फट. संध्याकाळी ऊन उतरलं तसा चिमटा परत आपल्या जागी. म्हणजे पाइपच उन्हाने लांबत होता आणि गारव्याने आखडत होता.

मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले. मग गच्चीवरच उकिडवे बसून बराच वेळ चिमट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, अगं, आपण त्याला खुंट्याला बांधून वर पळ म्हणतोय. त्या दिवसापासून नियम झाला. क्लॅम्पने पाइपाला धरायचं, दाबायचं नाही. आणि कोपऱ्यावर, जिथे पाइप वळतो, तिथे भिंतीपासून बोटभर जागा मोकळी. त्यानंतर एकवीस उन्हाळे कोपऱ्यावरचे जोड कोरडे ठणठणीत राहिले.

आता मास्तर. मास्तर म्हणजे इमारतीचे नवे सेक्रेटरी, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. मनाने सोन्यासारखा माणूस. शेजारच्या आजींना दवाखान्यात पोहोचवायला रिक्षा मिळाली नाही तर पाठीवर घेऊन निघाले असते. पण आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलेलं. त्यांना वाकडं, सैल, लोंबतं काही बघवत नसे. निवडून आल्यावर गच्चीवर गेले आणि क्लॅम्पमधला पाइप हाताने हलवून बघितला. तो हलला. मास्तरांच्या दृष्टीने पाइप विश्राममध्ये उभा होता, आणि त्यांना तो सावधानमध्ये हवा होता.

पहिलं फर्मान जिन्याखालच्या फळ्यावर लागलं: 'पाणी अमूल्य आहे. सर्वांनी नळ घट्ट आवळून बंद करावेत.' अक्षर मोत्यासारखं. मावशीने ते वाचलं आणि त्याच दिवशी वॉशरचं मोठं पाकीट आणून ठेवलं. दुसरं फर्मान तोंडी होतं. गणवेशवाल्या एका कंपनीची माणसं येतील आणि दोन्ही पाइपांचे क्लॅम्प नव्याने कसतील. थंडीचे दिवस होते. माणसं आली, डावा पाइप सरळ रेषेत, भिंतीला चिकटवून असा कसला की मास्तरांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली. माणसं उजवीकडे वळली तेव्हा मावशी पाइपाशेजारी कठड्याला टेकून बसलेली होती. हलेना. कंपनीचा मुकादम म्हणाला, आजी, उठा. ती म्हणाली, "डावा तुमचा, उजवा माझा. उन्हाळ्यात या, मग बोलू." जेवणाची वेळ झाली, तिने तिथेच डबा उघडला. शेवटी माणसं गेली. मास्तरांनी हा अपमान मनात ठेवला नाही, वहीत लिहून ठेवला.

उन्हाळा आला. आणि एका दुपारी डाव्या बाजूला गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीकाकांच्या मशीनवर पाटीएवढा गिलावा पडला. छताच्या कोपऱ्यात ओल, भिंतीला पोपडे. बायकोच्या माघारी एकटा राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. तो धुळीने माखलेला अर्धा शिवलेला कोट हातात घेऊन जिन्यात उभा राहिला.

सगळे गच्चीवर धावले. कोपरा कोरडा. पाइप कोरडा. फरशी तर इतकी तापलेली की पाय ठरेना. मास्तरांनी निकाल दिला की डावा पाइप निर्दोष आहे. दोष उजव्या पाइपाचा. तो सैल, तो हलतो, त्याच्या हादऱ्याने टाकीजवळ कुठेतरी आत पाणी मुरतंय. सभेत ते उभे राहून बोलले आणि पुष्कळांना पटलं, कारण मास्तर उभे राहून बोलले की कुणालाही पटतं. ठराव असा झाला: रविवारी उजवा पाइपही कसायचा. मावशीने 'माझ्या ढिल्या कामामुळे नुकसान झाले' असं लिहून सही करायची आणि गच्चीच्या व पंपाच्या किल्ल्या समितीच्या हवाली करायच्या.

मावशी शेवटच्या रांगेत बसली होती. तिला बोलायला सांगितलं तेव्हा तिने बिस्किटांचा डबा उघडला, पहिल्या मजल्याची सुतळी काढली आणि मास्तरांच्या घरच्या चकत्या मोजून दाखवल्या. फर्मान लागल्यापासून सात. एकही तीन आठवड्यांपेक्षा जास्त जगलेली नाही. मास्तरांच्या सूनबाई पदराआड हसल्या हे सगळ्यांनी पाहिलं. मास्तर म्हणाले, विषय भरकटवू नका.

"विषय तोच आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही धरलेलं सगळं गळतं. सही मी करणार नाही. रविवारी या, पण दोनदा या. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला. त्यानंतर किल्ल्या मागा."

रात्रभर झोपली नाही वगैरे काही नाही. तिला झोप छान लागायची. पण रविवारी पहाटे पंपाच्या खोलीत मिस्त्रींच्या स्टुलावर ती बराच वेळ बसून होती. हरली असती तर मुलीकडे जाऊन राहायची तिची सोय होती. मुलगी दहा वर्षं बोलावत होती. प्रश्न पोटाचा नव्हताच. एकवीस उन्हाळे जी गोष्ट तिने आणि मिस्त्रींनी खरी करून दाखवली, ती आता 'ढिलं काम' या दोन शब्दांत तिच्याच सहीने पुसली जाणार होती. तिने किल्ल्यांचा जुडगा कमरेला घट्ट खोचला. तेवढी एकच गोष्ट ती आयुष्यात आवळून ठेवायची.

सहाला मास्तर आले, व्यायाम करून, घाम पुसत. शिंपीकाका आले. बाकी कुणी नाही. मावशीने दोन लाकडी चिमटे मास्तरांच्या हातात दिले. म्हणाली, तुम्हीच लावा, नाहीतर म्हणाल बाईने हातचलाखी केली. कोपऱ्याजवळच्या शेवटच्या क्लॅम्पला चिकटवून एक उजव्या पाइपावर, एक डाव्या. मास्तरांनी कवायतीच्या शिस्तीत लावले, डोळा बारीक करून तपासले. मावशीने गच्चीला कुलूप घातलं आणि किल्ली दिवसभरासाठी शिंपीकाकांच्या खिशात टाकली. नुकसान ज्याचं झालंय त्याच्याकडे राहू दे, म्हणाली.

दुपारी दोनला अख्खी इमारत वर. डोक्यावर टॉवेल, हातात छत्र्या, पोरं अनवाणी नाचताहेत आणि त्यांच्या आया त्यांना चपला घाला म्हणून ओरडताहेत. नाटकाच्या पहिल्या खेळालासुद्धा इतकी गर्दी होत नाही. मावशी बाजूला उभी राहिली. प्रयोग तिचा होता, पण पुढे तिने मास्तरांना केलं.

उजव्या पाइपावरचा चिमटा क्लॅम्पपासून बोटभर सरकलेला होता. लोकांत कुजबुज झाली.

मास्तर डावीकडे गेले. चिमटा सकाळी होता तिथेच. तसूभरही हललेला नव्हता. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी सगळ्यांकडे वळून शांतपणे सांगितलं, की बघा, कसलेला पाइप जागचा हलला नाही, ढिला हलला. मला हेच म्हणायचं होतं. दोन-चार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, आणि क्षणभर खरंच असं वाटलं की मावशी आपल्याच हाताने आपला खटला हरली.

मावशी थांबली. टाळ्या संपू दिल्या.

"दोन्ही पाइप एकाच दुकानातले, एकाच लांबीचे, एकाच उन्हातले," ती म्हणाली. "उजव्याचं वाढलेलं बोट इथे दिसतंय. डाव्याचं बोट कुठे गेलं, मास्तर?"

मास्तरांनी वाकून पुन्हा चिमट्याकडे पाहिलं.

"खाली बसा. माझ्या उंचीला या आणि टोकाकडून बघा."

मास्तर उकिडवे बसले. त्यांच्यामागे शिंपीकाका, मग आणखी पाच-सहा जण. पाइपाच्या रेषेत डोळा लावून पाहिलं तर थंडीत दोरीसारखा सरळ बसवलेला तो पाइप दर दोन क्लॅम्पच्या मधे फुगलेला होता. इकडे एक बाक, पुढे तिकडे एक बाक. सरळ वाढायला वाट नव्हती म्हणून आडवा वाढला होता, आणि शेवटचा सगळा जोर कोपऱ्यावरच्या जोडावर देऊन बसला होता. जोड तिरका झाला होता. कवायतीत पोरं दमली की रांगेतच कशी हळूच कंबर वाकडी करून उभी राहतात, तशी ती रांग मास्तरांनी हजारदा पाहिली असणार. त्यांनी ती लगेच ओळखली.

"पण जोड कोरडा आहे," ते म्हणाले. आवाज खाली आला होता.

त्यावर मावशी म्हणाली की उन्हाळ्यातली गळती चोरासारखी असते, पाऊलखुणा पुसत जाते. थंडीत एवढा थेंब पडला असता तर शेवाळ धरलं असतं, चार दिवसांत बोभाटा झाला असता. उन्हात वरचं वाळतं आणि भेगेत गेलेलं तेवढं आत जातं. शिवाय रात्री पाइप आखडतो, दुपारी लांबतो, रोज तेच. तार सारखी इकडून तिकडे वाकवली की तुटते. तुमच्या डोळ्यांना दिसतं तेव्हा छत पडलेलं असतं.

शिंपीकाका कुणालाही न सांगता खाली गेले आणि गडद निळ्या अस्तराचा तुकडा घेऊन आले. त्यांनी तो जोडाखाली, कठड्याच्या भेगेवर पसरला. सगळे बघत राहिले. बराच वेळ काही नाही. मग निळ्यावर एक काळा ठिपका उमटला. दुसरा पडेपर्यंत पहिल्याच्या कडा वाळून पांढऱ्या झाल्या होत्या. तिसरा. चौथा. पोरं मोजू लागली. कापड उचललं तेव्हा भेगेच्या रेषेत पांढऱ्या वर्तुळांची माळ होती.

"आम्ही शिवणीत माया सोडतो," शिंपीकाका म्हणाले. वर्षातून एकदा बोलणारा माणूस. "कापड धुतल्यावर आटतं, माणूस जेवल्यावर सुटतो. माया न सोडता शिवलेला कोट पहिल्याच दिवशी उसवतो. मला आधीच कळायला हवं होतं."

मास्तर उठले. गुडघ्यांवरची धूळ झटकली. एवढी माणसं समोर असताना त्या माणसाने काय करावं? दुसरा कुणी असता तर कंपनीवर ढकललं असतं, उन्हावर ढकललं असतं. मास्तरांनी मावशीच्या सहीसाठी तयार करून आणलेलं पत्र खिशातून काढलं, उलटं केलं, पाठीमागची कोरी बाजू कठड्यावर ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. "सांगा," ते मावशीला म्हणाले, "फळ्यावर काय लिहायचं?"

मावशीने सांगितलं तसं त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'पाणी थांबलं की हात थांबवा. गळत असेल तर आवळू नका, मावशीला बोलवा.' मग त्यांनी घसा साफ केला आणि समितीच्या वतीने जाहीर केलं की गच्चीच्या व पंपाच्या किल्ल्या मावशींना सन्मानाने परत देण्यात येत आहेत.

"परत कशा देता, मास्तर?" मावशीने कमरेवर हात ठेवला. जुडगा वाजला. "मी दिल्या कुठे होत्या?" मग शिंपीकाकांपुढे हात पसरून म्हणाली, तेवढी गच्चीची द्या, ती उसनी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाइप गार असताना, क्लॅम्प सैल करायला आणि कोपऱ्यावरचा तिरका जोड बदलायला मास्तर स्वतः बसले. कंपनीची माणसं नकोत, मी बिघडवलं मीच सरळ करीन, म्हणाले. सरळ हा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाही तो नाहीच. मावशीने त्यांना टकटकीची खूण समजावली आणि ती पाणी बंद करायला खाली पंपाच्या खोलीत गेली. नळावर एक टक केली. वरून एक टक आली. काम सुरू झालं.

तासाभराने वरून दोन टक आल्या. मावशीने पाणी सोडलं नाही. ती चार मजले चढून वर गेली आणि प्रत्येक क्लॅम्पमध्ये पाइप हलवून बघितला. नऊ क्लॅम्प ठीक होते. दहावा मास्तरांच्या मनगटाने सवयीप्रमाणे शेवटचा अर्धा आटा फिरवून ठेवला होता. तिने त्या क्लॅम्पवर बोट ठेवलं. पान्हा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सैल केला. कोपऱ्यावरच्या नव्या जोडामागची मोकळी जागा दाखवून त्यांनी विचारलं की हे बोटभर म्हणायचं तर बोट कुणाचं धरायचं? तुमचं बारीक आहे, माझं जाड.

"मिस्त्रींचं," मावशी म्हणाली. तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात नेमकं तेवढं अंतर धरून दाखवलं, आणि तो हात तसाच धरून ती जोडापाशी वाकली. अंतर जुळलं. मग ती खाली गेली, पाणी सोडलं आणि उभ्या नळावर तीन टक केल्या. तीन टकांचा अर्थ तिने मास्तरांना सांगितला नव्हता. तरी थोड्या वेळाने मास्तर जिना उतरून पंपाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत दोन पेल्यांत चहा ओतलेला होता.